मेटफॉर्मिन : गोळी जुनी, पण मूत्रपिंडाच्या तपासणीविना नको

टाइप-२ मधुमेहाचे निदान झाल्यावर बहुतेक रुग्णांना प्रथम दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. फ्रेंच डॉक्टर झाँ स्तेर्न यांनी १९५७ मध्ये तिचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेत मात्र तिला मान्यता मिळण्यास १९९४ साल उजाडले. याच गटातील फेनफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचून मृत्यू झाल्याने ते औषध १९७० च्या दशकात अनेक देशांत मागे घेण्यात आले होते. मेटफॉर्मिनमुळे असे क्वचितच घडते आणि जेव्हा घडते तेव्हा बहुधा मूत्रपिंडे थकलेली असतात.

मेटफॉर्मिन यकृतातील साखरनिर्मिती कमी करते. शरीरात तिचे विघटन होत नाही. ती मूत्रावाटे जशीच्या तशी बाहेर पडते. त्यामुळे वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिनची तपासणी करून त्यावरून काढलेला ‘ईजीएफआर’ पाहणे आवश्यक ठरते. तो ३० पेक्षा कमी असल्यास ही गोळी देत नाहीत; ३० ते ४५ दरम्यान ती नव्याने सुरू करीत नाहीत आणि आधीपासून चालू असल्यास मात्रेचा फेरविचार करतात. तीव्र जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले असेल, शस्त्रक्रिया व्हायची असेल किंवा शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करायचा असेल, तर गोळी काही काळ थांबवावी का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

सुरुवातीस मळमळ व जुलाब होतात. म्हणून ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत, मात्रा हळूहळू वाढवली जाते. दीर्घकाळ विरघळणारी गोळी तोडू किंवा चावू नये. तिचे रिकामे कवच शौचात दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. औषध शोषले गेलेले असते.

दीर्घकाळ सेवनाने ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी रुग्णांत ही शक्यता अधिक. पायांतील मुंग्या मधुमेहाच्याच आहेत असे गृहीत धरण्याआधी ब-१२ तपासणे श्रेयस्कर.

एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायकरीत्या उतरत नाही. तथापि भारतात ग्लिमेपिराइडसह असलेली संयुक्त गोळी सर्रास दिली जाते आणि ग्लिमेपिराइड साखर एकदम खाली आणू शकते. अनेकांना आपल्या गोळीत दोन औषधे आहेत याची कल्पनाच नसते. वेष्टनावरील घटक वाचणे म्हणूनच आवश्यक. अशा रुग्णांनी एकादशी, नवरात्र वा रमजानच्या उपवासांपूर्वी मात्रा ठरवून घ्यावी. घाम, थरथर, गोंधळलेपणा जाणवल्यास साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडावाटे काहीही न देता रुग्णालयात न्यावे.