शेवंडीचं फक्त नाव

डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा सांगितला आणि आमच्या न्यू जर्सीतल्या घरी शुक्रवारी येणारं चिनी जेवण बंद झालं. (ते घडीचं पांढरं खोकं मुळात कालवं न्यायचं. १८९४ चं शिकागोचं पेटंट आहे!) पण 'श्रिम्प विथ लॉबस्टर सॉस'वाचून जीव राहीना.

"घरीच करते," सौ. म्हणाली, "पण शेवंड परवडायची नाही हं!"

मी इतिहास उकरला, तर त्यात शेवंड नसतेच! अमेरिकेतल्या कँटनी आचाऱ्यांचा शेवंडीवर घालायचा हा सॉस : लसूण, आंबवलेलं काळं सोयाबीन, डुकराचा खिमा, अंडं. तोच पुढं कोळंबीवर ओतला. आपल्या बोंबलाचं नाही का इंग्रजांनी 'बॉम्बे डक' केलं!

हिनं खिमा गाळला, सोयाबीन तीनदा धुतलं, सोया सॉस चमचाभरच. अजिनोमोटोला मात्र हात लावीना. १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकातल्या पत्रानं ते जे बदनाम झालं, ते झालंच. त्यात मिठाच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच सोडियम असतं, हे मी सांगून पाहिलं.

कोळंबी छान झाली. जराशी अळणी. मी हळूच लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं. फळी रिकामी होती.