लायटरमधले शिसे

नांदेड-लातूरकडे आमच्या घराघरांत गॅस लायटर असतो. खटका दाबला की आतल्या सिरॅमिकवर ठोका बसून ठिणगी पडते. दाबातून वीज निघण्याचा हा गुण क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये शोधला. 1954 मध्ये अमेरिकेत जॅफे यांनी शिसेयुक्त पीझेडटीची ताकद दाखवली. युरोपने 2006 मध्ये उपकरणांतल्या शिशावर बंदी आणली, पण या सिरॅमिकला सूट दिली. सोडियम-बिस्मथ टायटनेट हा बिनशिशाचा एक पर्याय. त्याच्या काही मिश्रणांत विद्युतक्षेत्र लावताच स्फटिकरचना बदलते; क्षेत्र काढल्यावर काहींत ती टिकते, काहींत मोडते. हे गणित सुटावे असे मला मनापासून वाटते. कारण मोडके लायटर शेवटी भंगारात जातात, आणि भंगार निवडणारे हात आपल्याच मोहल्ल्यातले असतात.