मोजक्या प्रतींची कविता

न समजणारी कविता कोण छापतो आणि कोणासाठी छापतो, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. वीस-पंचवीस पानांची चोपडी, दोनशे-तीनशे प्रती. कवीने पदरमोड करून ती छापावी आणि त्याच्या चार मित्रांनी वाचावी. असल्या उद्योगाने समाजाचे कोणते हित साधते, असे सुबुद्ध गृहस्थही विचारतात. प्रश्न गैर नाही. परंतु त्याचे उत्तर तर्काने शोधण्यापेक्षा इतिहासाला विचारावे हे बरे. त्यासाठी आपल्याला पॅरिस शहरात जावे लागेल. कारण ज्या कवितेला आपण अतिवास्तववादी म्हणतो ती तेथे जन्मली, आणि तेथेच तिची खरी परीक्षा झाली.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या आंद्रे ब्रताँ व फिलिप सूपो या दोघा तरुणांनी १९१९ साली एक प्रयोग केला. मनात जे येईल ते विवेकाची चाळण न लावता भराभर लिहून काढावयाचे, असा तो प्रयोग होता. त्यातून झालेले 'चुंबकीय क्षेत्रे' हे पुस्तक १९२० साली निघाले, ते 'ओ साँ पारेय' नावाच्या नवख्या व छोट्या प्रकाशनाकडून. १९२४ साली ब्रताँने अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला. स्वप्न आणि जागृती यांच्यामधील भिंत पाडावी, हा त्याचा आशय. अशा लेखनाला मोठी बाजारपेठ मिळणे शक्य नव्हते. म्हणून ज्याच्यापाशी खिळे आणि हौस दोन्ही आहेत असा माणूस या कवींना हवा होता.

तो त्यांना गी लेवी मानो यांच्या रूपाने भेटला. सालोनिका येथे १९०४ साली जन्मलेला हा गृहस्थ स्वतः कवी, स्वतःच जुळारी आणि स्वतःच प्रकाशक. १९३३ पासून आपल्या नावाच्या तीन आद्याक्षरांनी तो पुस्तके काढू लागला. कवितेच्या ओळीभोवती किती कोरी जागा सोडावयाची, याचा विचार तो कवीइतकाच मन लावून करी. पॉल एल्युआर यांच्या कविता व मॅन रे यांची छायाचित्रे यांचे 'फासील' हे १९३५ सालचे पुस्तक पाहिले, की छपाई हाही कवितेचा एक अर्थ असू शकतो हे पटते. अशा पुस्तकांच्या व्यवहाराची रीतही जाणून घेण्याजोगी आहे. थोड्या प्रती उंची कागदावर, चित्रकाराच्या मूळ मुद्राचित्रासह काढावयाच्या; त्या धनिक संग्राहकांनी घ्यावयाच्या आणि त्या पैशांवर साध्या प्रती निघावयाच्या. येथवर टीकाकाराचा आक्षेप कायम राहतो. हा मूठभरांचा शोक आहे, असे त्याला अद्याप म्हणता येते.

पुढे १९४० साल उजाडले. जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. सप्टेंबरात एक हजारांवर पुस्तकांची बंदी-यादी निघाली आणि फ्रेंच प्रकाशकांच्या संघटनेने जर्मन अधिकाऱ्यांशी करार करून आपल्या पुस्तकांची छाननी आपणच करण्याचे मान्य केले. मोठ्या पेढ्यांना गोदामे होती, नोकरवर्ग होता, कागदाची गरज होती. त्यांना वाकवणे सोपे गेले. लेवी मानो युद्धकैदी होऊन जर्मनीत पडला होता. ब्रताँ १९४१ साली समुद्रमार्गे अमेरिकेस निघून गेला. चळवळ संपली असेच कोणीही म्हटले असते.

परंतु मागे राहिलेल्या काही तरुणांनी १९४१ च्या मे महिन्यात एक पुस्तिका काढली. तिचे नाव 'ला मँ आ प्ल्युम', म्हणजे लेखणीचा हात; हे शब्द त्यांनी रँबो या कवीकडून घेतले होते. नियतकालिक काढावयाचे तर परवाना हवा. म्हणून त्यांनी प्रत्येक अंकाला निराळे नाव दिले आणि जणू ते स्वतंत्र पुस्तक आहे असे भासवले. याच मंडळींनी १९४२ साली एल्युआर यांची 'कविता आणि सत्य १९४२' ही लहानशी चोपडी छापली. तिच्यात 'स्वातंत्र्य' ही एकवीस कडव्यांची कविता होती. शेवटी प्रिय स्त्रीचे नाव घालावे अशा बेताने ती लिहावयास घेतली आणि मग दुसराच शब्द मनात असल्याचे ध्यानात आले, असे एल्युआर यांनी पुढे सांगितले आहे. ब्रिटिश विमानांनी या कवितेच्या हजारो प्रती फ्रान्सवर टाकल्या. अतिवास्तववादी कवींच्या जुन्या सवयीप्रमाणे तीत एकामागून एक प्रतिमा येतात. पण त्या सामान्य माणसाला तेव्हा दुर्बोध वाटल्या नाहीत. त्याच १९४२ साली आपल्याकडे भूमिगत पत्रके हातोहात फिरत होती. ती वाचणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगावे लागले नसते.

त्याच वर्षी 'मध्यरात्र प्रकाशन' नावाच्या गुप्त संस्थेचे पहिले पुस्तक निघाले. ते गद्य होते. निधनाची कार्डे छापणाऱ्या एका किरकोळ छापखान्यात, एका वेळी आठ पाने याप्रमाणे, साडेतीनशे प्रती छापल्या गेल्या. यंत्र इतके लहान, की कोणाला संशय येऊ नये. १४ जुलै १९४३ रोजी याच संस्थेने बावीस कवींच्या कवितांचा 'कवींची प्रतिष्ठा' हा संग्रह काढला. सर्वांची नावे टोपण. त्यांतील रोबेर देस्नोस हा अतिवास्तववादाच्या पहिल्या पिढीतला. फेब्रुवारी १९४४ मध्ये गेस्टापोने त्याला पकडले. छावणीतून सुटका झाली ती मरणाच्या दारात, आणि जून १९४५ मध्ये तेरेझीन येथे तो वारला. 'लेखणीचा हात' या मंडळीतला रोबेर रियुस जुलै १९४४ मध्ये गोळ्या घालून मारला गेला.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे. मेक्सिकोत निर्वासित असलेल्या बाँझामँ पेरे या जुन्या सहकाऱ्याने १९४५ साली 'कवींची अप्रतिष्ठा' हे पत्रक लिहून वरील संग्रहावर कडाडून टीका केली. कविता राष्ट्राच्या किंवा पक्षाच्या सेवेला लागली की ती जाहिरात होते, असा त्याचा आरोप. तो सर्वस्वी खोटा नाही. त्या संग्रहात बऱ्याच कविता प्रसंगापुरत्या आहेत. तरी आम्हांस असे वाटते, की या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी सिद्ध केली. एल्युआर यांना हो म्हणावयास आणि पेरे यांना नाही म्हणावयास जे साधन मिळाले, ते एकच होते: कोणाची परवानगी न मागता निघणारी पातळ पुस्तिका.

मराठीतही हे घडले आहे. १९५० नंतरच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व त्यांचे मित्र मुंबईत 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढीत. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली आला, तो अशोक शहाणे यांच्या 'प्रास' या छोट्या प्रकाशनातून. तो कवी आज मराठीत कोणत्या योग्यतेचा मानला जातो, हे सांगावयास नको.

अशा प्रत्येक चोपडीतून मोठा कवी निघतो असे नाही. पुष्कळशा विस्मृतीत जातात आणि त्या जाण्याच्याच लायकीच्या असतात. पण मोठी दारे बंद होतात तेव्हा नवा छापखाना एका रात्रीत उभा राहत नाही. खिळे जुळवण्याची, कागद मिळवण्याची, हातोहात प्रती पोचवण्याची सवय आधीपासून असावी लागते. पॅरिसमध्ये ती सवय वीस वर्षे न समजणाऱ्या कवितांवर जोपासली गेली होती. तेव्हा पुढल्या वेळी एखादा तरुण आपल्या दारी अशी चोपडी घेऊन आला, तर ती समजो वा न समजो, एक प्रत विकत घ्यावी.