तारा कीं ग्रह?

हिंवाळ्यांत सायंकाळनंतर गोंदिया जिल्ह्यांतील दवनीवाड्याच्या शिवारांतून पूर्वेकडे पाहिलें तर मृग नक्षत्र आणि त्याच्या पोटांत रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण सहज ओळखतां येतो. याच मृगाच्या आधारें लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं ‘ओरायन’ ग्रंथांत वेदकाल ठरविण्याचा प्रयत्न केला. त्या बाणाजवळच, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कांहीं गोल आहेत. तारा कोणास म्हणावें आणि ग्रह कोणास, हा प्रश्न त्यांनीं उभा केला आहे.

१९६३ सालीं भारतांत जन्मलेले शास्त्रज्ञ शिव कुमार यांनीं गणितानें दाखविलें कीं, सूर्याच्या सुमारें ७ टक्क्यांहून कमी वस्तुमानाचा वायुगोल आकुंचन पावतां पावतां इतका दाट होतो कीं, इलेक्ट्रॉनांचा दाबच तें आकुंचन थांबवितो. त्याच्या गर्भांत हायड्रोजनाची भट्टी टिकून पेटत नाहीं. तो हळूहळू निवत जातो. १९७५ सालीं जिल टार्टर यांनीं अशा गोलांना ‘तपकिरी बटु’ हें नांव दिलें. प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास मात्र १९९५ साल उजाडलें. त्या वर्षीं आपल्या परिचयाच्या कृत्तिकांत ‘तेइदे १’ हा बटु सांपडला.

वरची सीमा अशी ठरली, खालची कोठें? गुरूच्या सुमारें १३ पट वस्तुमानाखालीं जड हायड्रोजनही पेटत नाहीं, म्हणून तेथें रेघ ओढली गेली. परंतु २००० सालीं मृगाच्या बाणाजवळील सिग्मा ओरायनिस या तारकागुच्छांत मारिया रोसा झापातेरो ओसोरिओ व त्यांच्या सहकाऱ्यांना या रेघेखालचे वाटणारे, कोणत्याही सूर्याभोवतीं न फिरणारे गोल आढळले. गुच्छाचें वय अवघें कांहीं दशलक्ष वर्षें. जन्माची ऊब शिल्लक असल्यामुळेंच ते अवरक्त प्रकाशांत दिसले.

२००३ सालीं आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या एका समितीनें निवाडा दिला कीं, तरुण गुच्छांतील अशा मोकळ्या गोलांना ग्रह म्हणूं नये. वाद तरीही मिटला नाहीं. कारण वजनावरून जन्म कळत नाहीं. एक गोल ताऱ्याप्रमाणें मेघ कोसळून जन्मतो, दुसरा एखाद्या सूर्याच्या कुटुंबांतून बाहेर फेकला जातो. दोघांचें वजन सारखें असूं शकतें.

२०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत गुरूच्या ५ ते १० पट वस्तुमानाचा ‘चा ११०७-७६२६’ हा एकाकी गोल सेकंदास सुमारें ६ अब्ज टन वायु व धूळ गिळतांना आढळला. ही रीत नवजात ताऱ्यांची. वजनानें तो ग्रहांच्या पंक्तींत बसतो, वागणुकीनें ताऱ्यांच्या. म्हणून नांव ठेवण्यापूर्वीं अशा गोलाची जन्मकथा शोधणें, हें ज्योतिःशास्त्रापुढील काम अजून पुरें व्हावयाचें आहे.