लखोटा, तार आणि अंगठा : नव्या साधनांविषयींच्या लोकशंकांचा विचार

नवें यंत्र लोकांत आलें कीं त्याच्यासंबंधानें शंका निघतात, आणि इतिहासलेखक त्या शंकांची नोंद करतात ती बहुधा गमतीखातर. छापील पुस्तकाला सोंवळ्यांत हात न लावणारे शास्त्री, तारा तोडणारे बंडवाले, अंगठा उठविण्यास बिचकणारा खेडूत, अशीं चित्रें रंगवून "लोक अडाणी होते, पुढें शहाणे झाले" एवढा निष्कर्ष काढला कीं प्रकरण संपलें. प्रस्तुत लेखांत या समजुतीची फेरतपासणी करावयाची आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या शंका एका जातीच्या नसून दोन जातींच्या आहेत. पहिली नव्या वस्तूच्या शुद्धाशुद्धतेविषयींची. ती सोय पटतांच विरून जाते. दुसरी, "माझा मजकूर वाटेंत आणखी कोण वाचील?" ही, ती कोणत्याहि यंत्रानें आजवर मिटविलेली नाहीं. सध्यांच्या संगणकाच्या व कृत्रिम बुद्धीच्या दिवसांत ही दुसरी शंका जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आपणां सर्वांच्याच दारीं येऊन ठेपली आहे.

यंत्र नव्हतें तेव्हांहि मजकूर झांकण्याची चिंता होतीच. मराठेशाहींतील कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस तिच्या खुणा नव्यानें सांगावयास नकोत. पत्राच्या अखेरीस मर्यादेचा किंवा मोर्तबाचा शिक्का उठवीत, तो त्याखालीं परक्यानें एक ओळहि घुसडूं नये म्हणून. लांब कागदाचे बंद जोडले तर जोडावर पाठीमागें शिक्का करीत, तो मधला बंद कोणी बदलूं नये म्हणून. नाजूक मजकूर मुख्य पत्रांत न घालतां निराळ्या पुरवणींत घालीत. त्याहूनहि नाजूक असला तर मुखजबानीवरून कळेल एवढेंच लिहून तो विश्वासू माणसाच्या तोंडीं ठेवीत. कित्येक पत्रांत तर वाचून फाडून टाकण्याची सूचना असते. ती सूचना ज्यांनीं पाळली त्यांचीं पत्रें आपल्या हातीं आलीं नाहींत. ज्यांनीं मोडली त्यांच्या आज्ञाभंगावर आपल्या संशोधनाचा बराच भाग उभा आहे. या साऱ्या रीतींत एक गोष्ट समान होती. पत्र नेणारा जासूद, तें लिहिणारा कारकून व तें वाचून दाखविणारा दिवाण हे ओळखीचे असत. मजकूर फुटलाच, तर कोणाकडून फुटला याचा तपास लागण्याजोगा होता.

आतां छापखान्याकडे वळूं. गोव्यांत मुद्रणयंत्र १५५६ सालीं आलें. परंतु मराठी मुलखांत छापील पुस्तक घरोघर जावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. तेव्हां पहिली शंका निघाली ती विटाळाची. शाईंत चरबी असते, सबब छापील पोथी सोंवळ्यांत चालावयाची नाहीं, असें धार्मिक लोक म्हणूं लागले. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकून पुढें स्वतःचा छापखाना काढणारे गणपत कृष्णाजी यांनीं या शंकेस उत्तर दिलें तें वादानें नव्हे, शाईनें. त्यांनीं चरबीच्या जागीं तूप घालून शाई तयार करविली आणि पंचांगें व धर्मग्रंथ छापले. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं मुंबईचें वर्णन लिहिलें, तेव्हांहि छापील कागदाला न शिवणारे कांहीं लोक त्या शहरांत होते. तथापि सुटीं आडवीं पानें, काळ्या रेघांची चौकट, असें हस्तलिखिताचेंच रूप घेऊन छापील पोथ्या देवघरांत शिरल्या, आणि शुद्धाशुद्धतेचा प्रश्न एकदोन पिढ्यांत मावळला.

दुसरी शंका मात्र छापखान्यानें वाढविली. विष्णुभट गोडसे यांनीं १८५७ च्या धामधुमींतील आपल्या प्रवासाची हकीकत मोडींत लिहून ठेविली. हस्तलिखित म्हणून ती चार विश्वासू माणसांत राहण्यासारखी होती. छापली असतां सरकारच्या नजरेस पडली असती. ती लेखकाच्या हयातींत छापली गेली नाहीं. चिंतामण विनायक वैद्य यांनीं ती १९०७ सालीं, तीहि फेरफार करून, प्रसिद्ध केली. मूळ मोडी प्रतीवरून शुद्ध पाठ दत्तो वामन पोतदार यांनीं छापला तो १९६६ सालीं. पहिल्या प्रसिद्धीपासून मूळ पाठापर्यंत एकोणसाठ वर्षें गेलीं. हें भय विटाळाचें नव्हतें. छापलेला शब्द कोणाकोणाच्या हातीं जाईल याचा हिशेब राहत नाहीं, या जाणिवेचें होतें.

तारेनें ही जाणीव आणखी तीव्र केली. ओ'शॉनेसी यांनीं कलकत्त्यास १८३९ सालीं प्रयोग केले. १८५१ पर्यंत कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालूं लागली. आणि फेब्रुवारी १८५५ पासून तारेची सोय सर्व लोकांस खुली झाली. लखोटा बंद करून देतां येतो. तारेचा मजकूर कारकुनापुढें उघडा ठेवावा लागतो. तो त्यांतील शब्द मोजतो, यंत्रावर वाजवितो, आणि दुसऱ्या टोंकास दुसरा अनोळखी कारकून तो उतरून घेतो. व्यापाऱ्यांनीं यावर तोड काढली ती सांकेतिक शब्दांची. एका शब्दांत सबंध वाक्य बसविलें म्हणजे पैसाहि वांचे आणि भावहि झांकला जाई. १८५७ सालीं ठिकठिकाणीं तारा तोडल्या गेल्या, त्यास पुष्कळांनीं अडाणीपणा म्हटलें. परंतु आपल्या हालचालीची वर्दी आपल्या आधीं शत्रूच्या छावणींत पोहोंचते हें ज्यांनीं ओळखलें, ते यंत्राचा उपयोग न समजलेले लोक खास नव्हते.

सरकारनेंहि तारेचें मर्म बरोबर ओळखलें. १८८५ सालच्या तारेच्या कायद्याच्या पांचव्या कलमानें सार्वजनिक आणीबाणीच्या किंवा सुरक्षिततेच्या सबबीवर संदेश अडविण्याची व पाहण्याची सत्ता सरकारनें घेतली. १८९८ च्या टपालाच्या कायद्यानें पत्रांविषयीं तशीच तजवीज केली. या सत्तेस व्यवस्थित अटी पडल्या त्या स्वराज्यांत, १९९६ सालीं. टेलिफोनवरील संभाषण हा खासगी जीवनाचा भाग आहे असें ठरवून सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा कोणी द्यावी, तिची तपासणी कोणी करावी, याचे नियम घालून दिले. यंत्राचा कायदा झाला १८८५ त, त्या यंत्रापासून नागरिकाला आडोसा मिळाला १९९६ त. मध्यें एकशें अकरा वर्षें गेलीं. दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागीं २०२३ सालीं नवे कायदे झाले, पण संदेश व टपाल अडविण्याची सत्ता त्यांतहि कायम आहे.

टपालाच्याच संबंधांत एक लहान गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. १ जुलै १८७९ पासून हिंदुस्थानांत कार्ड सुरू झालें. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा; बंद पाकिटास अर्धा आणा, म्हणजे दोन पैसे. सारांश, मजकूर झांकून पाठविण्याचें मोल एक पैसा ठरलें. ज्याला तो परवडला नाहीं, त्यानें आपली खुशाली, आजार व उसनवारी उघड्यावर लिहिली. गुप्तता ही पूर्वीं विश्वासावर मिळत होती. ती आतां विकत मिळूं लागली, आणि जी वस्तु विकत मिळते ती गरिबाला कमी मिळते. आजच्या फुकट मिळणाऱ्या संगणकीय सेवांचें गणित या एका पैशाच्या गणिताहून निराळें नाहीं. दाम दिलें नाहीं, तर माहिती द्यावी लागते.

अंगठ्याची हकीकत याहून बोधप्रद आहे. आपल्या महजरांत पाटलाच्या नांवापुढें नांगराची निशाणी असते, बलुतेदारांच्या नांवापुढें आपापल्या धंद्याचें हत्यार. या निशाण्या जें सांगत तें सगळ्या गांवाला ठाऊकच असे. बादशाही फर्मानावर केशरी पंजा उठविलेला असे. तो राजानें प्रजेस दिलेल्या वचनाचा. बंगाल्यांत जंगीपूर येथें विल्यम हर्शेल यांनीं जुलै १८५८ मध्यें राज्यधर कोनाई या मक्तेदाराच्या करारावर त्याच्या पंज्याचा ठसा घेतला, तेव्हां हा ओघ उलटा झाला. वचन आतां रयतेकडून घ्यावयाचें होतें, आणि तेंहि तिच्यावर अविश्वास म्हणून. कलकत्त्यास १८९७ सालीं ठशांची कचेरी निघाली, तिनें प्रथम गुन्हेगारांची ओळख ठेविली. पुढें आधार क्रमांकाचा आरंभ महाराष्ट्रांतच, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं, २९ सप्टेंबर २०१० रोजीं झाला. दहा बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा साध्या रहिवाशाकडून घेतली जाऊं लागली. नांगराची निशाणी सगळ्या गांवाला वाचतां येई. हा ठसा ज्याचा त्यालाच वाचतां येत नाहीं, फक्त दूरच्या वहीला वाचतां येतो.

लोकांनीं यावर जी शंका घेतली, ती या वेळीं चावडीवरच्या कुजबुजींत न राहतां न्यायालयांत गेली. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावरून निघालेल्या वादांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें सांगितलें कीं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ सालीं आधारची योजना बहुमतानें मान्य झाली, परंतु खासगी कंपन्यांना तो वापरण्याची मुभा देणारा कायद्यांतील भाग रद्द ठरला. ज्या शंकेला अडाणी म्हणून हंसण्याची आपली संवय होती, तीच शंका घटनेच्या भाषेंत मांडली गेली आणि मान्य झाली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

येथवर जें सांगितलें तें सरकारचें व व्यापाराचें. आतां आपल्या घरचें. इनाम कमिशनच्या काळापासून कागद दाखविणें म्हणजे वतन घालविणें अशी धास्ती जुन्या घराण्यांत बसली होती, आणि राजवाडे यांच्या पिढीला दप्तरें मिळवितांना तिच्याशीं झगडावें लागलें. संशोधकांनीं ती हळूहळू दूर केली ती शब्द देऊन, कीं या कागदांचा उपयोग इतिहासासाठींच होईल. त्या शब्दाला आणखी एक मूक जामीन होता: मोडी लिपि. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी जाणणारे कमी होत गेले, आणि रुमालांत बांधलेलीं कर्जखतें, वाटण्यांचे तंटे, गोतांतील प्रायश्चित्तें, बदअंमलाचे दंड, हें सगळें लखोट्याशिवायच झांकलेलें राहिलें.

तो जामीन आतां सुटत चालला आहे. रुडकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा जमवून, कृत्रिम बुद्धीच्या साह्यानें मोडीचें देवनागरी करण्याचा प्रयोग २०२५ सालीं प्रसिद्ध केला. या कामाचें महत्त्व कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. न वाचलेले कागद वाळवीच्या स्वाधीन करण्यापेक्षां यंत्राच्या स्वाधीन केलेले केव्हांहि बरे, आणि जें काम दहा वाचकांच्या आयुष्यांत उरकलें नसतें तें अशा साधनानें उरकण्याचा संभव आहे. परंतु माणूस दप्तर वाचतो तेव्हां नको तें सोडून देतो. यंत्र कांहींच सोडीत नाहीं. नांवें, गांवें, नातीं, ऋणें व कलंक यांची सूचि एकदां तयार झाली, कीं आजच्या नातवाच्या नांवाशीं पणजोबाचें दंडपत्र जोडण्यास क्षणभरहि लागावयाचा नाहीं. जमिनीचे व जातीचे वाद आपल्याकडे अद्याप जिवंत असल्यामुळें ही केवळ कल्पना नव्हे.

मृतास खासगीपणा कसला, असा आक्षेप येईल. राज्यकारभाराच्या कागदांपुरता तो योग्यहि आहे. पेशवे दप्तरांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत निघाले, ते निघाले नसते तर आपण आज कोठें असतों? पण घरगुती दप्तराचे वारस हयात आहेत, आणि कागद दिला तो त्यांनीं वा त्यांच्या वडिलांनीं माणसाच्या शब्दावर दिला आहे. २०२३ सालच्या विदासंरक्षणाच्या कायद्यानें संशोधन व दप्तरजतन यांस कांहीं अटींवर सूट दिली आहे. म्हणजे या बाबतींतला मुख्य निर्बंध कायद्याकडून यावयाचा नसून आपल्याकडूनच यावयाचा आहे.

म्हणून प्रत्येक संग्राहक संस्थेनें, दप्तराच्या प्रतिमा कोणत्याहि यंत्राच्या शिक्षणासाठीं देण्यापूर्वीं, तीन गोष्टी लेखीं ठरवाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली, राजकीय कागद व घरगुती कागद यांच्या याद्या निराळ्या असाव्या. दुसरी, घरगुती कागदांस मूळ दात्याची किंवा वारसाची संमति पुन्हा घ्यावी, कारण पूर्वींची संमति या वाचकाला दिलेली नव्हती. तिसरी, प्रतिमा कोणास, केव्हां व कशासाठीं दिल्या याची नोंदवही असावी व ती मागेल त्या दात्यास दाखवावी. जासुदाचें नांव ठाऊक असावें, एवढीच जुन्या लखोट्याची अट होती. ती सोडण्यास कारण दिसत नाहीं.

तुपाची शाई करून पहिली शंका फेडणारा छापखानेवाला आपल्याकडे होऊन गेला. दुसरी शंका फेडण्याचें काम या वेळीं कागद राखणारांवर आलें आहे, आणि तें यंत्र दारांत येण्यापूर्वीं झालें पाहिजे. एकशें अकरा वर्षांनीं नव्हे.