त्याची तपासणी आणि तिच्या गोळ्या

आजची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली आहे. विषय अवघड आहे, घरात मोठ्यानं काढता येत नाही, म्हणून तर आम्ही तो रेडिओवर काढतोय.

1999 साली जोहान्सबर्गमध्ये चार्लीन स्मिथ या पत्रकार बाईवर तिच्याच घरात बलात्कार झाला. त्या देशात तेव्हा एचआयव्ही झपाट्यानं पसरत होता. लागण टाळणारी औषधं वेळेत मिळावीत म्हणून त्या अवस्थेत तिला झगडावं लागलं. मग तिनं स्वतःच्या नावानिशी हे सगळं वर्तमानपत्रात लिहिलं.

औषध नव्हतं असं नाही. दवाखान्यात नर्सला सुई टोचली तर तिला तीच औषधं दिली जात. बलात्कार झालेल्या बाईला मात्र सरकार देईना. सरकारातल्या वरच्या लोकांचा या औषधांवरच विश्वास नव्हता. नेल्स्प्रुट गावच्या सरकारी दवाखान्यात स्वयंसेवक बाया स्वतःच्या खटपटीनं ही औषधं देत होत्या, तर त्यांनाच तिथून बाहेर काढायला सरकारी माणसं निघाली! शेवटी एप्रिल 2002 मध्ये मंत्रिमंडळाला निर्णय बदलावा लागला.

याच काळात दुसरी मागणी पुढे आली. ज्याच्यावर आरोप आहे त्याची एचआयव्ही तपासणी सक्तीनं करा. ही मागणी आम्हाला समजते. अंगावर पिणारं मूल आहे, घरी नवरा आहे, आणि तो माणूस आपल्याला काय देऊन गेला हे माहीत नाही. ते जाणून घ्यायचा हक्क बाईला नको का?

पण बाईच्या बाजूनं उभे राहणाऱ्यांतही यावर एकमत नव्हतं. शंका अशी, की माणसाला नुकतीच लागण झाली असेल तर काही आठवडे तपासणीत ती दिसतच नाही. त्याला विंडो पिरियड म्हणतात. म्हणजे त्याचा कागद 'नाही' म्हणाला आणि त्या भरवशावर तिनं गोळ्या सोडल्या, तर घात. 'आहे' म्हणाला तरी तिला लागण झालीच असं नाही. शिवाय तो सापडलाच नाही तर तपासणार कोणाला? आणि निकाल गावभर झाला तर बोटं तिच्याकडेच वळणार.

2007 च्या कायद्यात दोन्ही गोष्टी आल्या. 72 तासांच्या आत तिनं पोलिसांत तक्रार केली, किंवा नेमलेल्या दवाखान्यात जाऊन सांगितलं, तरी सरकारी खर्चानं औषधं. आधी फिर्याद, मग गोळी, अशी अट नाही. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. आणि तिला हवं असेल तर 90 दिवसांच्या आत तिनं किंवा तिच्या वतीनं कुणी अर्ज करायचा, मग मॅजिस्ट्रेट आरोपीच्या तपासणीचा हुकूम देऊ शकतो. निकाल बंद पाकिटात. तो भलत्याला सांगितला तर सांगणाऱ्याला शिक्षा.

आमचं मत विचाराल तर तपासणीचा हक्क असावा, पण गोळ्यांनी त्याच्यासाठी थांबू नये. अर्ज, हुकूम, रक्त, अहवाल यात दिवस जातात. औषध मात्र 72 तासांतच सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. पुढे 28 दिवस रोज घ्यायचं, आणि तिची स्वतःची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करायची. तिचा खरा निकाल तोच.

आपल्याकडे 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय कुणाची तपासणी करता येत नाही. कोर्टानं खटल्यासाठी गरज आहे असं ठरवून हुकूम दिला तर गोष्ट वेगळी. आणि बलात्कार झालेल्या बाईवर सरकारी असो की खाजगी, कोणत्याही दवाखान्यानं ताबडतोब मोफत उपचार करायचे, हे 2013 पासून कायद्यात आहे. तिथं गेल्यावर एचआयव्ही टाळायच्या गोळ्यांचं नाव घेऊन विचारायचं. एचआयव्हीबद्दल माहितीसाठी 1097 हा फुकट नंबर आहे. गटाच्या वहीत तो लिहून ठेवा.