फिक्स प्रोटोकॉल: संदेश कुठे संपला, हे ओळखायचं कसं?

शेअरबाजारातल्या ऑर्डरींची ने-आण करणारा फिक्स प्रोटोकॉल १९९२ साली फिडेलिटी आणि सॉलोमन ब्रदर्स यांच्यातल्या व्यवहारातून निघाला. तो सहसा टीसीपीवर चालतो, आणि टीसीपीला 'संदेश' ही गोष्ट ठाऊकच नसते. त्याच्यासाठी सगळी बाइटांची एकच रांग. घाटकोपरला मेट्रोत चढताना पाच जणांतले तिघे या गाडीत, दोघे पुढच्या गाडीत, तसंच हे. एका वाचनात दीड संदेश येईल, नाहीतर अर्धाच.

फिक्सचा संदेश साधारण असा दिसतो (प्रत्यक्षात तो रोमन अक्षर-अंकांत जातो, इथे बरीच फील्ड गाळली आहेत):

८=फिक्स.४.२|९=५|३५=०|१०=१६१|

उभी रेघ म्हणजे एसओएच, १ किंमत असलेला बाइट. टॅग ९ मध्ये मजकुराची लांबी: त्याच्या रेघेनंतरपासून '१०=' च्या आधीच्या रेघेपर्यंत, ती रेघ धरून. इथे '३५=०|' म्हणजे ५. टॅग १० हा चेकसम. त्याच्या आधीच्या सगळ्या बाइटांची बेरीज ९२९, २५६ ने भागल्यावर बाकी १६१.

अंधेरीच्या एका ब्रोकर फर्ममध्ये असताना मी लांबी वाचायचा कंटाळा केला आणि सरळ '१०=' शोधलं. टेस्टिंगमध्ये सगळं छान चाललं. मग एका सौद्याच्या संदेशात '११०=५००' आलं; टॅग ११० म्हणजे किमान संख्या. माझ्या पार्सरने त्यातलंच '१०=५००' पकडलं आणि चेकसम जुळेना म्हणून संदेश फेकून दिला. क्रमांकात खंड दिसल्यावर तोच संदेश परत मागवला, तोही तसाच कापला. सौदा स्क्रीनवर दिसलाच नाही, डीलरने तीच ऑर्डर पुन्हा टाकली. शेअर दुप्पट!

'|१०=' शोधलं तरी पुरत नाही, कारण टॅग ९६ च्या कच्च्या डेटात एसओएचसुद्धा असू शकतो. म्हणून आधी टॅग ९ वाचा, मग तेवढे बाइट अधिक ७ ('१०=', तीन अंक, रेघ) जमेपर्यंत थांबा. उरलेले बाइट बफरमध्येच राहू द्या, ते पुढच्या संदेशाचे आहेत. लांबीला कमाल मर्यादाही घाला, नाहीतर एका चुकीच्या आकड्यापायी पार्सर ताटकळत बसेल.

बीकेसीतल्या एनएसईचा स्वतःचा एनएनएफ प्रोटोकॉल बायनरी आहे. तिथे पॅकेटच्या सुरुवातीलाच दोन बाइटांत लांबी मिळते, त्यामुळे ही शोधाशोध करावीच लागत नाही.

फिक्ससाठी मी आता '११०=५००' वाला संदेश पार्सरला एकेक बाइट करून भरवतो, मग दोन संदेश जोडून एकदम.